नबवीया दाईची सेफ्टी पिन

इजिप्तमधल्या सोहाग शहराच्या पलीकडच्या त्या गावात नबवीयाच्या हातून न जन्मलेलं माणूस सापडणं कठीण. सरपंचाने मिशीला पीळ दिला की ती भर चौकात म्हणायची, "पुरे रे! तुला पहिला धपाटा मीच दिलाय."

इन्शिराहचं पोर मात्र तिला जड गेलं. कलिंगडाएवढं ते बाळ, डोकं बाहेर आलं आणि खांदा अडला. नबवीयाने शिव्या घालत, घाम गाळत ते सोडवलं. तेव्हा बोटांखाली कट्‌कन काहीतरी वाजलं. 'माझाच सांधा असेल, म्हातारी झाले,' अशी तिने मनाची समजूत घातली आणि साखर घातलेला चहा मागितला.

सातव्या दिवशी, तिकडच्या बारशाच्या रीतीप्रमाणे, बाळाला मोठ्या चाळणीत निजवलं. इन्शिराहची सासू, हजला जाऊन आलेली हाज्जा तफीदा, पितळी खलबत्ता त्याच्या कानाशी ठणठण वाजवू लागली. "आजीचं ऐक! बापाचं ऐकू नको!" बाळ दचकलं. डावा हात पंख्यासारखा उघडला. उजवा मात्र अंगाशीच राहिला.

"बापासारखाच आळशी!" जमलेल्या बायका खिदळल्या.

नबवीया हसली नाही. "तफीदा, परत वाजव."

"अगं, बहिरा करतेस का नातवाला?"

"वाजव म्हणते ना!"

पुन्हा तेच. नबवीयाने त्याच्या गळ्याखालच्या हाडावरून हलकेच बोट फिरवलं. वाळक्या शेंगेसारखं काहीतरी करकरलं आणि पोराने टाहो फोडला. ते कट्‌कन तिच्या सांध्याचं नव्हतं तर.

"हात उतरलाय!" तफीदाने बोंब ठोकली. "हाडवैद्याला बोलवा, एक हिसका दिला की जागेवर!"

हाडवैद्याचा हिसका नबवीयाला ठाऊक होता. तफीदाशी वाद घालण्यात अर्थ नाही, हेही ठाऊक होतं. तिने आवाज एकदम खाली आणला.

"नजर लागलीय. देवाचं नाव न घेता याला 'काय गुटगुटीत' कोण म्हणालं?"

सगळ्या तफीदाकडे बघू लागल्या. तफीदा खलबत्त्याकडे.

नबवीयाने पोराचा उजवा हात कोपरात दुमडला, छातीवर ठेवला आणि झबल्याची बाही झबल्यालाच सेफ्टी पिनने टाचली. पिनेत निळा मणी ओवला. "जो कोणी ही पिन काढील, त्याच्याच डोळ्यात ही नजर उडून बसेल. हाडवैद्याच्यासुद्धा!"

तफीदा दोन पावलं मागे सरली.

दुसऱ्या दिवशी नबवीया माय-लेकराला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टर मारियानने हाडाचा फोटो काढला, बाळाच्या उजव्या तळव्यात आपलं बोट दिलं. त्याने ते घट्ट धरलं.

"गळ्याखालचं हाड मोडलंय, पण हाताला बळ देणारी शीर शाबूत आहे. दोन आठवड्यांत जुळेल. तोवर त्या बाजूने काखेत धरून उचलायचं नाही. मावशी, ही पिन कुणी लावली?"

"मीच."

"मीही हेच केलं असतं. आणि बाळंतपण कुणी केलं?"

"तेही मीच."

"खांदा अडला की कधीकधी हाड मोडतं, पण पोर जगतं. पहिल्याच दिवशी का नाही चाचपलंत? आणि इतकं मोठं बाळ पोटात होतं, तर तिला माझ्याकडे का नाही पाठवलंत?"

अख्ख्या गावाला सुनावणारी नबवीया खाली मान घालून पोराला दुपट्यात गुंडाळू लागली.

परतीच्या वाटेवर ती पुटपुटली, "इन्शिराह, हाड मोडलं तेव्हा आवाज झाला होता गं. मी ऐकला होता."

"मीही ऐकला होता, मावशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्या सात पिढ्यांना शिव्या देत होतात. मध्ये कशी बोलू?"

नबवीया रस्त्यातच हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यातलं सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

पंधरवड्यानंतर हाडावर बारकं टेंगूळ आलं. पोर दोन्ही हात झाडू लागलं आणि टेंगूळ म्हणजे पैलवान होण्याची खूण, असं तफीदा गावभर सांगत सुटली. नबवीयाने तिला तेवढं सांगू दिलं. पण तेव्हापासून पोर जन्मलं की आधी दोन्ही खांदे चाचपायचे आणि मगच चहा मागायचा, असा तिने नेम केला.