भगवानरावांच्या फोटोतली बंदूक

आमच्या शहादेवनं बारा बोअरच्या बंदुकीच्या परवान्यासाठी आठ वर्षं केजला खेटे घातले. माणूस गरीब गाय, पण हरभऱ्यात रानडुकरं शिरली की वेडापिसा व्हायचा. परवाना मिळाला त्या दिवशी त्यानं गावभर पेढे वाटले. मी दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू?

औंदा निवडणूक लागली आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. आता डुकरांना आचारसंहिता कोण सांगणार? शहादेवनं बाभळीच्या लाकडाची बंदूक घडवली, काळा रंग दिला आणि ती खांद्यावर टाकून बांधावर फिरू लागला.

प्रचाराला आलेल्या उमेदवार भगवानरावांनी ती मागून घेतली.

"लई हलकी हाय बे!"

"लाकडाची हाय, साहेब."

"असू दे. फोटोत कुठं वजन दिसतंय?"

त्यांनी नेम धरला. मागं उसाचं पाचट जळत होतं, धूर नेमका नळीच्या टोकाशी आला. संध्याकाळी तोच फोटो घरोघरच्या मोबाइलवर: डुकरांवर बार टाकणारे भगवानराव!

आचारसंहितेत बंदूक चालवली म्हणून विरोधकांनी तक्रार केली. फोटो खरा का खोटा, यावर पारावर दोन तट पडले. फोटो खोटा ठरावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला एकटा शहादेवच. कारण ठाण्यातून निरोप आला होता, "तुमची बंदूक आमच्याकडं जमा आहे. मग तुमच्या बांधावर ही दुसरी कुठली? परवाना रद्द होईल."

वर भगवानरावांचा फोन, "लाकडाची म्हणू नको. माझं हसं होईल."

शहादेव दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "त्यांचं हसं होऊ दे. तुझा परवाना जाईल त्याचं काय?" गोणपाटात बंदूक गुंडाळून आम्ही ठाणं गाठलं.

फौजदार तेजश्री मॅडमनी ती उलटीपालटी केली, मग मोबाइलवरचा फोटो बोटांनी मोठा केला.

"अहो, हिच्या नळीला भोकच नाही! फोटोतल्या बंदुकीलाही नाही."

"पाडायचं राह्यलं, मॅडम. डुकरं एवढं बघत न्हाईत."

अख्खं ठाणं हसलं. भगवानरावांना बोलावणं गेलं. बंदूक खरी म्हणावं तर गुन्हा; त्यांनी मुकाट लाकडाची म्हणून लिहून दिलं.

"परवान्याला धक्का नाही," मॅडम म्हणाल्या.

शहादेवनं गोणपाट उचललं. मग हळूच म्हणाला, "ही बी जमा करू का?"

"घेऊन जा. हरभरा राखा."

बाहेर आल्यावर गड्यानं एका बैठकीत सात भजी खाल्ली. मी मोजत होतो. माझ्या वाट्याला दोनच आली.