मांजर मारलं कुणी?

‘काय चाललंय तात्या?’ असं विचारलं, की दगडूतात्या म्हणत, ‘कोंबडी बदकाशी बोलतीया.’ म्हणजे बडबड चालू, समजत कुणालाच नाही. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर भांडी घासत. त्यांच्यावरचा आचारी हाँगकाँगचा. त्याच्या कँटोनी म्हणी तात्यांनी पिंपरी पेंढारच्या आमच्या बौद्धवस्तीत आणून सोडल्या होत्या.

कुणाचं काम सुटलं, की ‘माकूल तळलं!’ माकूल म्हणजे समुद्रातला मऊ, बिनकाट्याचा जीव. ‘कढईत टाकला ना राव, की वळकटी व्हती त्याची. कामावरनं काढल्याला माणूस बी वळकटीच बांधतो.’

गावच्या पाणीयोजनेची मोटर जळाली, तेव्हा वस्तीतल्या सिद्धार्थवर ती पाळी आली. मोटर तो चालवायचा. सरपंचांच्या भावकीतल्या बागाईतदारानं चोरून बागेला पाणी ओढलं म्हणून ती जळाली, हे गावाला ठाऊक होतं. तरी सरपंच अण्णा सिद्धार्थला म्हणाले, ‘देवळापुढं नारळ फोड, चुकलो म्हण, नोकरी राहील.’ आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच आम्ही नारळ सोडले. म्हणूनच मागितला नारळ! सिद्धार्थच्या बायकोचे दिवस भरत आलेले. तो तयार झाला.

मी ‘जातदांडग्या प्रवृत्तींचा जाहीर धिक्कार’ असं पत्रक लिहून आणलं. तात्यांनी वाचलं. ‘कोंबडी-बदक,’ म्हणाले, आणि सिद्धार्थकडे वळले.

‘मेल्यालं मांजर खायला लावत्यात तुला. पाप त्यांचं, पान तुझं. मी खाल्लंय बाबा. जहाजावर आग लागली आचाऱ्याच्या हातनं, मी म्हनलो माज्या हातनं. नोकरी ऱ्हायली. पर मांजराचं केस आजून घशात हायेत.’

ग्रामसभेत सिद्धार्थ उभा राहिला. ‘मोटर मी जाळली न्हाई. नारळ फोडणार न्हाई.’

‘मग उद्यापासून येऊ नको,’ अण्णा म्हणाले.

मागून तात्यांचा आवाज आला, ‘ते ऱ्हाऊ द्या. मांजर मारलं कुणी?’

‘कसलं मांजर?’

‘ज्याच्या बागंत वास येतोय त्याला इचारा!’

वस्ती खदखदून हसली. बागाईतदार पायातली चप्पल बघत बसला.

नोकरी गेलीच. सिद्धार्थ ओतूरला मोटर भरण्याच्या दुकानात लागला. तो एसटीत चढताना तात्या ओरडले, ‘तळलं रं माकूल!’ त्याच्या काखेत खरंच वळकटी होती. दोघंही हसले.

पुढं काही वर्षांनी तात्या गेले. शोकसभेला अण्णा आले. ‘तात्या समजूतदार. कधी तंटा केला नाही,’ म्हणाले. मी उठणार, तेवढ्यात मागून सिद्धार्थ बोलला. कडेवर लेक होती.

‘अण्णा, तात्यांनी एक इचारलं व्हतं. त्याचं उत्तर ऱ्हायलंय.’