हायवे अडवणाऱ्या पाटील बाई

हमरापूरच्या बाजूच्या एका छोट्या शाळेत मी शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा गणपती तोंडावर आले होते आणि शाळेत एकही मूल नव्हते. मुख्याध्यापिका इंदुमती पाटील बाई चप्पल घालता घालता म्हणाल्या, "चला गुरुजी, वर्ग कारखान्यात आहे."

कारखाना म्हणजे मूर्तींचा. बिनरंगी गणपतींच्या रांगांमध्ये मुले ब्रश घेऊन बसलेली. बाईंनी आयांशी ठरवूनच टाकले होते : सकाळी दोन तास ब्रश खाली, पुस्तक वर. एक आई कुरकुरली, "बाई, रंग सुकतंय ना!" बाई म्हणाल्या, "सुकू दे गो. रंग परत कालवता येतो, पोरीचं वरीस नाय येत." बालकेंद्री शिक्षणावर भरपूर लिहून पदवी मिळवलेला मी निमूटपणे रंगाच्या डब्यावर बसून पाढे घेऊ लागलो.

पुढे कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळांत विलीन करण्याचे धोरण आले. तपासणीच्या साहेबांना बाईंनी कारखान्यातला वर्ग दाखवला. साहेब भारावले. "अत्यंत स्तुत्य उपक्रम!" म्हणाले, फोटो काढले आणि आमची शाळा बंद केली. नवी शाळा नकाशावर जवळच होती. मध्ये हायवे होता. पण नकाशावर तो फार शांत दिसतो.

मुलगे सायकलींवरून जाऊ लागले. मुली घरी बसल्या. सातवीतल्या रजनीच्या वडिलांनी स्पष्टच सांगितले, "ट्रेलरवाला कुनाला बघतो? माजी पोर नाय जायाची." बाईंनी भाषण केले नाही. भाषणे येत नाहीत म्हणूनच त्यांना आजवर पुरस्कार नाही. एवढेच म्हणाल्या, "मी नेईन, मी आणीन. मग तर झालं?"

दुसऱ्या दिवसापासून बाई हायवेच्या मधोमध, एक हात आडवा. ट्रेलर थांबू लागले. हे कुठल्याही खात्याला जमले नव्हते. आधी एकटी रजनी, मग एकेक करून साऱ्याजणी. रजनी आज धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे, आणि धाकट्या बहिणीचे कॉलेज तिच्या पगारावर चालते. मागास भागाचा विकास म्हणतात तो मी एवढाच पाहिला. पण अहवालात नव्हे, डोळ्यांनी पाहिला.

निवृत्तीनंतरही बाई रोज त्या रस्त्यावर असतात. परवा म्हटले, "बाई, साठी झाली, आता पुरे." म्हणाल्या, "हायवेवर पूल मंजूर झालाय, गुरुजी. तो होईतोवर जाते." कधी होणार, असे विचारताच मात्र खळखळून हसल्या.

बाईंना उदंड आयुष्य आणि धडधाकट गुडघे लाभोत. शंभरी त्या गाठतीलच. पूल त्याआधी होवो, आणि मुलींच्या घोळक्यात त्यांना एकदा तरी इकडेतिकडे न पाहता, नुसत्या गप्पा मारत पलीकडे जाता येवो.