योहानकाकांची साक्ष

योहानकाकांना जेवायला बोलवायचं तर आधी मनाची तयारी करावी लागे. लग्न होऊन मी नुकतीच सरावलीला आले होते. माहेर चिंचणीचं, चिकूच्या वाडीतलं, त्यामुळे स्वतःच्या सुगरणपणाचा थोडा ताठा होताच. शेजारधर्म म्हणून या नवराबायकोला एका रविवारी जेवायला बोलावलं. पहिला घास घेतल्याबरोबर काका म्हणाले, "ताई, आमटी खारट झालीये. भात मात्र झकास." मार्थाकाकूंनी त्यांच्या गुडघ्याला चिमटा काढला, तर हे महाशय मोठ्यानं म्हणतात, "चिमटा कशाला काढतेस? खारट झालीये म्हणून तर भात जास्त घेतोय." मी आत जाऊन रडले. बाहेर येऊन बघते तर पातेल्यातली आमटी याच माणसानं पुसून खाल्ली होती.

खरं बोलण्याची ही त्यांची खोड साऱ्या चाळीला ठाऊक होती आणि साऱ्या चाळीला तिचा ताप होता. आमच्या ह्यांनी एकदा तापाचं निमित्त सांगून कंपनीला दांडी मारली; काकाही त्याच कंपनीत. सुपरवायझरनं काकांना सहज विचारलं, "शेजाऱ्याला बरं नाही म्हणे?" काकांनी शांतपणे सांगितलं, "सकाळी मैदानात क्रिकेट खेळत होते. त्यानंतर आला असेल ताप." हे आठवडाभर काकांशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी काकाच चहाला बोलवायला आले आणि म्हणाले, "माफ करा, पण पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगीन." अशी माफी मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काका मूळचे नगरकडचे. तारापूरच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि सरावलीच्या चाळीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. मूलबाळ नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या खोलीत चारदोन ख्रिस्ती कुटुंबं प्रार्थनेला जमत. लोक त्यांना थट्टेनं 'पाद्रीबाबा' म्हणत. त्यावर ते म्हणायचे, "मी कसला पाद्री? मी अप्रेंटिस आहे. शिष्य म्हणजे तरी दुसरं काय? उस्तादाच्या हाताकडे बघत राहायचं आणि आपला हात तसा चालतो का ते बघायचं. माझा अजून चालत नाही." कावीळ झालेल्या एका परप्रांतीय कामगाराला त्याच्या खोलीतल्यांनी बाहेर काढलं, तेव्हा काकांनी त्याला स्वतःच्या खाटेवर झोपवलं. "थोडा गन्ने का रस पी ले, बेटा," असं लहान मुलाला समजवावं तसं ते त्याला समजावत. स्वतः मात्र पावसाळाभर ओट्यावर निजले. मी म्हटलं, "काका, तुम्हालाही लागण होईल." तर म्हणाले, "होईल की. भीती वाटतेच आहे." धीर यायला म्हणूनसुद्धा हा माणूस खोटं बोलत नसे.

अशा माणसावर ती वेळ यायला नको होती.

हरेश्वर हा किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा तरुण मुलगा. बाप बोटीवर गेला आणि परत आला नाही, म्हणून आईनं त्याला दर्यावर जाऊ दिलं नाही, कारखान्यात धाडलं. ठेकेदाराकडे तो टाक्या धुण्याच्या कामावर होता, काकांच्या हाताखाली. त्या दिवशी टाकी धुऊन झाली, भोंगा झाला, माणसं हातपाय धुवायला गेली. हरेश्वरच्या लक्षात आलं, की आईनं गळ्यात बांधलेला ताईत तुटून टाकीतच पडलाय. काका म्हणाले, "उद्या आत हवा मारून वायू काढू, मग उतरू. आत्ता आत जायचं नाही." तो म्हणाला, "आलोच काका, खालीच तं हाय," आणि तोंडाला काही न लावता शिडीवरून उतरला. धुताना चालू असलेला पंखा बंद केल्यावर आत वायू साचला होता. काकांनी दोर टाकला, आरडाओरडा केला, स्वतः अर्ध्या शिडीपर्यंत गेले आणि त्यांना भोवळ आली; ओरडा ऐकून धावत आलेल्यांनी त्यांना मागे ओढलं. हरेश्वरला वर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. ताईत त्याच्या मुठीत होता, पण तो काकांखेरीज कोणी पाहिला नाही.

दुसऱ्याच दिवशी ठेकेदारानं हात वर केले. पाळी संपली होती, त्याला कोणी उतरायला सांगितलं नव्हतं, तो आपल्या कसल्यातरी खासगी कामाला उतरला आणि मेला, आमचा काय संबंध? आणि हे सगळं खरं होतं, हीच तर पंचाईत. तो उतरला त्या वेळी टाकीपाशी काकांखेरीज कोणीच नव्हतं. तो कामासाठी उतरला असं ठरलं तरच भरपाई मिळणार होती, आणि ते चौकशीत काका काय सांगतील त्यावर होतं. हरेश्वरच्या मागे म्हातारी आई, बायको सुमन आणि दोन लहान पोरं होती.

सुमनला काय घडलं ते काकांनी स्वतः मुरब्याला जाऊन सांगितलं होतं. म्हातारीला मात्र सांगवलं नव्हतं. आपण बांधलेल्या ताईतासाठी पोरगा मेला हे आईला कसं सांगणार? चौकशीच्या आदल्या दिवशी सुमन सरावलीला आली. काकूंच्या ओट्यावर बसली. मी शेजारी तांदूळ निवडत होते. "काका, तुमी खरा बोललाव तं आमी मेलो," ती म्हणाली. "मना दुसरा काय नको. माज्या पोरांकडं बगा." ती उठून गेली. मग काका मला म्हणाले, "ताई, उस्तादाचा हात बघायचा म्हणतो ना मी? आज कुठं दिसतच नाही."

काय सांगावं यावर ते दिवसभर काकूंशी बोलत होते, आणि भिंत पातळ होती. एक वाट अशी, की सुपरवायझरनं हुकूम दिला म्हणायचं. पण त्यात एका निर्दोष माणसाच्या पोटावर पाय येत होता. काका ते करणार नव्हते. शेवटी चौकशीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी पाठवला त्याला. माझा पाना आत राहिला होता. मीच उतर म्हणालो."

जन्मात पहिल्यांदा हा माणूस खोटं बोलला, आणि ते सगळ्यांना ताबडतोब खरं वाटलं. कारण बोलणारे योहानकाका होते.

सुमनला नुकसानभरपाई मिळाली, पॅकिंग खात्यात कायमची नोकरी मिळाली. काकांची नोकरी गेली. पोलीस ठाण्याच्या खेपा झाल्या. हलगर्जीपणानं पोरगा मारला म्हणून बोईसरमधल्या कुठल्याच कारखान्यानं त्यांना उभं केलं नाही. मग ते दारोदार नळ आणि स्टो दुरुस्त करत हिंडू लागले, काकू ब्लाउज शिवू लागल्या. आमच्या चाळीतली माणसंसुद्धा, ज्यांच्या आजारपणात काकांनी पाणी भरलं होतं ती, "वर्षभर उपदेश करतो आणि पान्यासाठी माणूस मारतो," असं म्हणाली. त्या वेळी खरी गोष्ट काकू, सुमन, आमचे हे आणि मी एवढ्यांनाच माहीत होती. काकांनी आम्हाला शपथ नव्हती घातली. एवढंच म्हणाले होते, "तुम्ही बोललात तर त्या मुलीची नोकरी जाईल." मग कोण बोलणार?

हरेश्वरची आई बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसे. काका मासळी घ्यायला मुद्दाम तिच्यापुढेच जाऊन उभे राहत. ती सगळ्या बाजारादेखत ओरडे, "माजा पोर खाल्लास, आता माजा मावरा खातस? मुडदा बसवला तुजा!" काका पिशवी धरून खाली मान घालून उभे. कधी ती मासे पिशवीत आपटे, कधी तोंडावर पाणी फेके. मी एकदा त्यांना हाताला धरून ओढून आणलं. म्हटलं, "कशाला जाता? हौस आहे का शिव्या खायची?" ते म्हणाले, "तिला कोणावर तरी ओरडायला नको का? देवावर ओरडली तर एकटी पडेल." मला त्यांचा इतका राग आला, की घरी येईपर्यंत मी बोलले नाही.

पण हे सारं त्यांनी सोसलं असतं. त्यांना आतून पोखरत होती ती दुसरीच गोष्ट. महिन्याच्या पहिल्या रविवारी पालघरच्या त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन असे. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, पापाचा पश्चात्ताप झालेल्यानंच घ्यायचा. साक्ष दिल्यानंतर काकांनी तो घेणं सोडलं. उपासना चुकवली नाही. सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंज्या अंथरायचे, पेले धुऊन ठेवायचे, आणि ताट आलं की हात न लावता शेजाऱ्याकडे सरकवायचे. एका नाताळात मी काकूंबरोबर गेले होते तेव्हा ते डोळ्यांनी पाहिलं. पंगतीत बसून उपाशी उठणारा माणूस कसा दिसतो ते त्या दिवशी कळलं.

मंडळीच्या धर्मगुरूंना, म्हणजे पाळकांना, त्यांनी पुढे सगळं सांगितलं होतं. पाळक तरुण होते, जीव लावणारे होते. ते म्हणत, "देवाजवळ कबूल करा काका, तो क्षमा करतो. मग या ताटावर." काकांचं उत्तर ठरलेलं असे. "कबूल रोज करतो. पण पश्चात्ताप होत नाही ना. उद्या विचारलं तर पुन्हा तेच खोटं बोलीन. मग माफी कुठल्या तोंडानं मागू?" वर्षांमागून वर्षं गेली. सुमनची पोरं शाळेत पुढे सरकली. काकांचे केस पांढरे झाले. भिंतीपलीकडून त्यांची पहाटेची प्रार्थना ऐकू यायची. पूर्वी ती गुणगुणल्यासारखी असे. आता मध्येच थांबे.

मग त्यांची छाती बिघडली. पालघरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. अंगाचं चिपाड झालं होतं. एका दुपारी पाळक पेटीतून भाकर आणि पेला घेऊन आले. काकूंनी मला हाक मारून बसवून घेतलं. पाळकांनी तुकडा त्यांच्या ओठांपाशी नेला. काकांनी मान वळवली. "काका, आता तरी," पाळक म्हणाले. काका हळूच म्हणाले, "अजून होत नाही हो पश्चात्ताप. वाट बघितली मी."

माझा संयम सुटला. मी काही ख्रिस्ती नाही, माझा अधिकारही नव्हता. तरी म्हटलं, "अहो, एवढं तुमच्या देवाला कळत नसेल का?"

"कळत असेल, ताई," ते म्हणाले. "पण त्याला कळलं हे मला कसं कळणार?"

पाळक बाहेर आले, पेटी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले आणि रडले. मी त्यांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेले. तोंडात तुकडा न घेताच गेले. मला आजही त्याचं वाईट वाटतं, आणि रागही येतो. कोणाचा ते नक्की सांगता येत नाही.

पालघरच्या ख्रिस्ती दफनभूमीत माणसं फार नव्हती. मंडळीतले काही, आम्ही दोघं, कारखान्यातले दोनतीन जुने सोबती आणि त्यांत तो सुपरवायझरही. शवपेटी खाली सोडली, लोक माती टाकू लागले, तेवढ्यात फाटकातून सुमन आत आली. अंगावर कामावरची साडी होती आणि म्हाताऱ्या सासूला तिनं दंडाला धरून आणलं होतं. म्हातारी वाकली होती, पण तोंड तेच होतं. "मना कना आणलंस हितं?" ती कुरकुरत होती. "तो मेला तं बरा झाला."

सुमन कबरीच्या कडेला उभी राहिली. तिची नोकरी अजून त्याच कारखान्यात होती आणि सुपरवायझर समोर उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग सासूकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, काकांनी नाय पाटवला त्यांना. ते आपणहून उतरले. ताईत पडलेला, तो आणाला. काका नको म्हणत व्हते. मी काकांच्या पाया पडले, म्हणून ते खोटा बोलले. तुज्या नातवांसाठी."

सुपरवायझरनं टोपी काढली आणि जमिनीकडे बघत उभा राहिला. म्हातारीला ऐकू आलं की नाही असं क्षणभर वाटलं. मग तिनं सुमनच्या हातातून आपला दंड सोडवून घेतला.

"मंग इतकी वरसां मी कोनाला शिव्या घातल्या गो?" तिनं विचारलं.

मार्थाकाकू पुढे झाल्या. त्यांनी म्हातारीला धरून कबरीपाशी नेलं आणि मूठभर माती तिच्या हातावर ठेवली. म्हातारी मूठ आवळून उभी राहिली. सगळे थांबले होते, काकू तिला पुन्हा पुन्हा "टाका आई" म्हणत होत्या, पण ती माती तिच्याच्यानं टाकवेना.