शिवायला आणलेली पोथी

पुस्तक जाळण्याची भाषा कुणी केली की माझं डोकं सटकतं. मग समोर पाहुणा आहे की चर्चचा पाळक, ते मी बघत नाही. घरातली पोरं म्हणतात, आईपुढं काडेपेटी काढायचीसुद्धा चोरी. म्हणू देत. त्यांनी ते दिवस पाहिलेले नाहीत. मी पाहिलेत, आणि ज्यांनी जाळलं त्यांच्यातल्याच एकाबरोबर पुढं सगळा संसार केला.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. कोल्हारच्या खालच्या अंगाला, प्रवरेकाठच्या एका गावात आम्ही नवराबायको मिशनच्या शाळेवर मास्तर आणि मास्तरीण होतो. घराणं ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झालेल्या, तरी गावाच्या लेखी आम्ही महारवाड्यातलेच. पाणी वेगळं, वाट वेगळी. त्यात कागद मिळेना, रॉकेल मिळेना. शाळेतलं एकेक पुस्तक मी दाभणानं शिवून, कणकेची खळ लावून, पाठीला जुन्या लुगड्याची पट्टी चिकटवून चालवत होते. त्या कामावर माझा हात चांगलाच बसला होता.

दुपारी शाळेमागच्या लिंबाखाली मी बायकांचा वर्ग घ्यायचे. बायका सगळ्या आमच्याच. एक दिवस शेजारच्या मळ्यातली बाई बांधावर येऊन उभी राहिली. जमीनजुमला असलेल्या घरची, नवरा वारलेला, माझ्याहून बरीच मोठी. मी तिला मावशी म्हणायचे. शेरडं बघाय आले, म्हणाली. दुसऱ्या दिवशीही शेरडं नेमकी तिथंच. मी म्हटलं, "मावशी, शेरडांना शिकायचं असेल तर त्यांनाही बसवू." ती हसली आणि बांधावरच बसली. आमच्यात येऊन बसणं तिला जमणारं नव्हतं, आणि मीही तो हट्ट धरला नाही. पाटी तिची तिनं आणली.

तिला शिकायचं होतं ते एकाच गोष्टीसाठी. लग्नात तिच्या आईनं तिला एक पोथी दिली होती. आईला वाचता येत नव्हतं आणि हिलाही नाही. दर श्रावणात दिराला बोलवून वाचून घ्यायची. "तेनी लई भराभरा वाचत्यात, बाई. निवद दिसला की पोथी पळाय लागती. माजी मला वाचायची हाय."

हळूहळू ती वाचायला लागली. बोट ठेवून, ओठ हलवत, पण वाचायला लागली. आणि मग भांडायला लागली. रोज काहीतरी काढायचीच. "बाई, हितं लिवलंय, देव कोपला आन् गरिबाचं पोर मेलं. पोराचं काय चुकलं?" मी म्हणायचे, "मला काय विचारता, देव तुमचा." लगेच उलटून, "तुमचा काय करतो मग?" आता आमच्या शास्त्रातही, म्हणजे बायबलातही, कोपलेला देव आहे आणि मेलेली पोरं आहेत. मग दोघी हसायचो. इतकी वर्षं शिकवलं, पण पुस्तकाशी असं भांडणारी विद्यार्थिनी मला दुसरी मिळाली नाही.

श्रावण तोंडावर आला आणि त्या पोथीची शिवण उसवली. तिनं ती फडक्यात बांधून माझ्या दारात आणली. त्या काळी तिकडच्या, वरच्या जातीच्या घरातली बाई आम्हाला काही द्यायची तर जमिनीवर ठेवायची, नाहीतर वरून ओंजळीत सोडायची. तिनं पोथी माझ्या हातात दिली. बोटाला बोट लागलं. "नीट शिवा, आयची हाय," एवढंच म्हणाली. ती वळेपर्यंत मी कसाबसा धीर धरला, मग आत जाऊन रडले.

त्याच आठवड्यात संगमनेरच्या बाजूनं एक उपदेशक आले. संजीवन सभा होत्या, लोकांचा विश्वास पुन्हा जागा करायच्या. खोटं कशाला बोलू, माणूस बोलायचा छान. दारू सोडा म्हणाले तेव्हा दोघाचौघांनी खरंच सोडली, आणि त्यांच्या बायकांनी उपदेशकांना जेवायला घातलं. पण मग त्यांनी सांगितलं की शेवटच्या दिवशी घराघरांतून जुन्या धर्माच्या वस्तू आणा, पोथ्या आणा, आपल्या ख्रिस्ती देवळापुढच्या पटांगणात सगळं जाळून मोकळे होऊ.

आता आणायचं काय? आमच्या आज्यापणज्यांना कुणी पोथीच्या सावलीला उभं राहू दिलं नव्हतं, तर पोथी आमच्या घरात येणार कुठून? तरी लोक घरं धुंडाळायला लागले. एकानं पोराच्या दंडातला ताईत सोडला. एकीनं वाण्यानं फुकट दिलेलं देवाचं चित्र काढलं. एका बहाद्दरानं तर शेवगावच्या मेहुण्याकडून मुद्दाम पंचांग मागवून घेतलं, जाळायला. ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला. घरात सोडून द्यायला काही नाही म्हणून बाहेरून मागून आणायचं आणि ते सोडलं म्हणून सांगायचं. हे आमच्याच लोकांना सुचावं.

माझे यजमान ख्रिस्ती मंडळीचे पंच होते. गावचे मास्तर, त्यात पंच, आणि हात रिकामे. त्यांना ते फार लागलं होतं. जेवताना हळूच म्हणाले, "आपल्या घरात एक आहे."

"ती आपली नाही," मी म्हटलं.

"आपल्या घरात आहे ना?"

"मग पाटलाची म्हैस आपल्या दारात शिरली तर तीही आपलीच का?"

"तू शब्दात पकडू नकोस."

शब्द सोडून पकडायला माझ्याकडं दुसरं होतं काय? मी त्यांना नीट समजावून सांगितलं. तुम्ही म्हणता, त्या पोथीत काही नाही, नुसता कागद आहे. मग नुसत्या कागदाला भिऊन जाळता कशाला? आणि भिण्यासारखं तिच्यात काही आहे असं वाटत असेल, तर इतके दिवस आपण लोकांना सांगतो ते खोटं ठरतं. दोन्हीतलं एक काहीतरी धरा. तर म्हणाले, विश्वासाच्या गोष्टीत तर्क आणायचा नसतो. हाच माणूस शाळेत पोरांना त्रैराशिक शिकवायचा, आणि पायरी चुकली की छडी मारायचा.

मग माझा तोल सुटला. यजमानांच्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा गावानं त्यांच्या हातातलं शास्त्र हिसकावून चावडीपुढं जाळलं होतं. ही हकिकत आमच्याकडं दर नाताळाला सांगतात आणि सांगताना यजमानांचे डोळे भरून येतात. मी म्हटलं, "चावडीपुढं जळालं तो छळ, आणि देवळापुढं जळणार ती भक्ती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं." ते ताटावरून उठून गेले. मीही मग जेवले नाही.

सकाळी शाळेआधी मी उपदेशकांकडं गेले. त्यांनी आधी मला शास्त्रातला दाखला दिला, की विश्वास धरलेल्या लोकांनी आपल्या जादूच्या पोथ्या आणून जाळल्या.

"वाचलंय मी," मी म्हटलं. "त्यांनी स्वतःच्या जाळल्या. शेजारणीच्या नाही."

ते मंद हसले. मला तसं हसू सोसत नाही. "बाई, जळाली तर त्या शेजारणीचाच उद्धार होईल. ती त्या पोथीला मूर्तीसारखी पुजत असणार."

"पुजत नाही हो. वाचते. भांडते तिच्याशी. तुम्ही एकदा येऊन ऐका तरी."

यावर त्यांनी डोळे मिटले आणि माझ्यासाठी प्रार्थना सुरू केली, माझ्यासमोर, मोठ्यानं. प्रार्थना चालू असताना माणसाला उलट बोलता येत नाही. मी दात आवळून आमेन म्हटलं आणि निघाले.

वाटेत दोघा पंचांना गाठलं. एक म्हणाले, "बाई, तुमचं खरं आहे, पण पाहुण्यांना दुखवायचं कसं?" म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दुसरे म्हातारे होते, त्यांनी मात्र सरळ तोंडावर सांगितलं, "त्या पोथ्यावाल्यांनी आपल्याला मानूस म्हनलं न्हाई. जळंना का." त्यांचा राग खरा होता आणि तो थोडाफार माझ्याही पोटात होता. पण मी म्हटलं, "आजा, त्या सगळ्यांतल्या एकीनं माझ्या हातात हात दिला. आणि तुम्ही जाळणार ते नेमकं तिचंच." म्हातारे माझ्याबरोबर आले नाहीत.

पोथी तेव्हा माझ्या घरात फळीखाली दाबून ठेवलेली होती, वर पाटा. खळ ओली होती. तशीच उचलली असती तर पानं सुटली असती. शाळा सुटली की नेऊन देते, मग घरात काय भांडण व्हायचं ते होऊ दे, असं ठरवून मी वर्गावर गेले. परत आले तर पाटा भिंतीला टेकवून ठेवलेला आणि फळी मोकळी.

मी धावत पटांगणात पोचले तेव्हा आग लागलेली होती. चित्रं, ताईत, ते शेवगावचं पंचांग, आणि वर मावशीची पोथी. ओल्या खळीमुळं तिची पाठ लवकर पेटेना. मी ओरडून सांगितलं, "ती माझी नाही, शिवायला आलीय." उपदेशकांनी गाणं सुरू केलं आणि सगळी मंडळी गाऊ लागली. मी हात घालायला वाकले तर यजमानांनी दंड धरला. भाजशील, म्हणाले. माझी काळजी होती त्यांना, हे मला कळत होतं, आणि त्यामुळंच जास्त संताप आला.

सांगायला जायचं कुणी? यजमान म्हणाले, संगमनेरहून नवी आणून देऊ, बोभाटा कशाला. उपदेशक दुसऱ्या गावी निघून गेले होते. गेले मीच.

ती अंगणात बाजरी पाखडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, कुणाला पाठीशी घातलं नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"वाचून तरी बघितली का तेनी?" तिनं विचारलं.

"नाही."

"येक पान?"

"नाही, मावशी."

मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. "गावात कुनाला बोलू नगा. माजा दीर तापट हाय. तुमची घरं पेटवत्याल. वाळवी लागली म्हनून सांगते मी." जिची पोथी जळाली तीच आमची घरं वाचवत होती. मला तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं तसंच सांगितलं. गावानं विश्वास ठेवला, दिरानं थोडी चिडचिड केली आणि प्रकरण मिटलं. पुढच्या रविवारी यजमान उपासनेत साक्ष द्यायला उभे राहिले. प्रभूनं आपल्या लोकांचं कसं रक्षण केलं, गावानं चकार शब्द काढला नाही, वगैरे. मंडळी हल्लेलुया म्हणाली. मी बायकांच्या बाजूला बसले होते. उठून सांगावं वाटलं, हे रक्षण मळ्यातल्या एका बाईनं खोटं बोलून केलंय. पण सांगितलं असतं तर चार घरांतून गावात गेलं असतं, आणि तिचा शब्द फुकट गेला असता. मी गप्प बसले. आयुष्यात गप्प बसणं मला इतकं जड कधी गेलं नाही.

नवी पोथी मी स्वतः जाऊन आणली. छापील, लाल पुठ्ठ्याची, अक्षर मोठं. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. मला वाटलं, वर्ग पुन्हा सुरू होईल. नाही झाला. मी निरोप धाडले, बांधावर वाट पाहिली. शेवटी एकदा वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, औंदा कामं लई हायेत. श्रावणात दीर वाचायला आला, त्यालाही तिनं परत पाठवलं. यंदा घरात वाचायचं नाही, म्हणाली.

पुढं आमची बदली झाली. निघायच्या आधी मी तिच्या घरी गेले. तिनं मला पडवीत बसवलं, हेही त्या गावात थोडं नव्हतं. आतल्या कोनाड्यात ती लाल पोथी दिसत होती. पुढं समई, वर झेंडूचं फूल. पुठ्ठ्यावर रोजच्या गंधाचा थर बसलेला, आणि तेलाचा हात लागून लागून पानांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या.

"मावशी, उघडली नाहीत का कधी?"

"न्हाई. रोज पाया पडते."

"मग तुम्ही देवाला विचारायचात ते? भांडायचात ते?"

"काय इचारू, बाई," ती म्हणाली. "हिच्यात काय लिवलंय ते मला ठावं न्हाई."