लाखोळीचं पोतं

काटकसरीचं कौतुक कुणी करायला लागलं की माझं डोकं फिरतं. मी ज्या शाळेत मास्तरीण आहे तिथे दरवर्षी कुणीतरी पाहुणा येतो, गरिबीतून शिकलेल्या माणसांच्या गोष्टी सांगतो आणि पोरं टाळ्या वाजवतात. मी मागे बसून ऐकते आणि घरी येऊन भांडी आपटते. माझा भाऊ वारलू असाच गरिबीतून शिकला होता.

आमचं गाव चिमूरपासून दोन कोसांवर, जंगलाला लागून. बाबा लटारू, माय रुखमाबाई, वारलूभाऊ आणि मी शकू, एवढंच घर. धानाच्या चार बांध्या होत्या, भाताची खाचरंच ती. धान विकलं जायचं आणि घरात खायला उरायची लाखोळी. धान उभं असतानाच बांधीतल्या ओल्या चिखलात आमच्याकडे तिचं बी फेकतात. नांगर नको, खत नको, राखण नको, तरी उन्हाळ्यापर्यंत पोतीच्या पोती डाळ पदरात पडते. शहाणे लोक तिला गरिबाची डाळ म्हणतात. आम्ही नुसती डाळ म्हणायचो.

भाऊला रेंजर व्हायचं होतं. गावात रेंजर आला की बाबांना त्याचं सामान डोक्यावर घेऊन जंगलातून पुढे चालावं लागे, आणि वाट चुकली की शिव्या बाबांनाच. हे भाऊनं लहानपणापासून पाहिलेलं. "आपल्या जंगलात आपला मानूस पायजे," म्हणायचा. वाटा त्याला तोंडपाठ होत्या आणि पाय तर असे की चिमूरचा बाजार करून, उन्हं कलायच्या आत परत येऊन वर विटीदांडू खेळायचा. फक्त सायन्सची डिग्री हवी होती आणि ती नागपुरात मिळत होती. एकोणीसशे एक्कावन्न साली तो तिकडे गेला.

दिवाळीपर्यंत कसाबसा खानावळीत जेवला. मग घरी आला तो हे ठरवूनच, की खानावळ सोडायची आणि हातानं रांधायचं. धान तर फीसाठी विकलेलं, म्हणून बाबांनी लाखोळीचं पोतं शिवून दिलं. मायनं त्याला चुलीपाशी बसवून शिकवलं.

"उकळी आली का पह्यलं पानी सांडून देजो. मंग दुसरं घालून शिजवाचं."

"काऊन?"

"काऊन का? माही सासू सांडे, म्हनून मी बी सांडतो. कडू लागते थे."

भाऊ हसला. पोतं मोटारीच्या टपावर चढलं आणि भाऊ नागपूरला गेला.

तिथल्या महाल नावाच्या वस्तीत जिन्याखालची एक खोली त्यानं घेतली होती. उभं राहिलं की डोकं जिन्याला लागायचं. दुसरा सदरा नव्हता, म्हणून रविवारी धुतलेला सदरा वाळेपर्यंत पंचा गुंडाळून बसायचा. केस सुट्टीत गावी येऊनच कापायचे. पुस्तकं वाचनालयात बसून उतरवून घ्यायची. कॉलेजला जाणं-येणं पायी. हे सारं तो सुट्टीत आला की अशा थाटात सांगायचा, जणू कुस्ती मारून आलाय. आणि मीही वेडी, तोंड उघडं टाकून ऐकायचे.

"आन पानी सांडतेस का?" एकदा मायनं विचारलं.

"कायले सांडू? नळावर रांग, टालीवर लाकूड इकत घ्या लागते. दोनदा उकळाले परवडते का?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "शकू, आमचे सर सांगतेत का जीवनसत्त्व पान्यात उतरते. माय सारं सत्त्व मोरीत टाकते. मी त्यात मीठ घालून पेऊन घेतो."

माय म्हणाली, "तुह्यं शिक्षन तुले माहीत." तिला उलट अभिमानच वाटला.

घरी आमच्या ताटात लाखोळीबरोबर भाताच्या कण्या असायच्या, अंबाडीची नाहीतर तरोट्याची भाजी असायची. भाऊच्या ताटात लाखोळीची भाकर आणि लाखोळीचं वरण, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं. त्याच्या एका प्राध्यापकानं वर्गात त्याला उभं करून सगळ्यांना सांगितलं होतं, याच्याकडून राहणी शिका. त्या टाळ्या भाऊला फार गोड लागल्या होत्या.

शेवटच्या वर्षाच्या हिवाळ्यात त्याच्या पोटऱ्या आखडायला लागल्या. पायपिटीनं असेल म्हणून त्यानं तेल चोळलं. पंचावन्नच्या उन्हाळ्यात डिग्री घेऊन घरी आला तेव्हा त्याच्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या, गुडघ्याला गुडघा घासायचा. माय म्हणाली, शहरात राहून नाजूक झाला. तो पहाटे काठी घेऊन चालायचा सराव करायला जायचा. काठी कशाला, विचारलं तर म्हणे सापासाठी. आमच्या गावात सापासाठी कुणी काठी नेत नव्हतं, पण तो डिग्रीवाला, त्याला कोण बोलणार?

रेंजरच्या निवडीत लेखी परीक्षा असते आणि चालण्याचीही असते, सोळा मैल, चार तासांत. लेखीत भाऊ पहिला आला. पाऊस सरता सरता चालण्यासाठी चांद्याला बोलावलं. बाबांना रान सोडवेना, म्हणून मी सोबत गेले. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सगळे उमेदवार ओळीनं उभे राहिले. भाऊनं काठी माझ्याजवळ दिली आणि पहिल्याच झपाट्याला सगळ्यांच्या पुढे निघाला. तो नजरेआड होईपर्यंत मी बघत होते. मग चिंचेखाली बसले.

बऱ्याच वेळानं परीक्षा घेणाऱ्या साहेबाची जीप चिखल उडवत परत आली आणि तिच्यात भाऊ बसलेला दिसला. मी आनंदानं उठून उभी राहिले. मला वाटलं, भाऊ साहेब झाला!

त्याला दोघांनी धरून खाली उतरवलं. गुडघे सोलून निघाले होते. पडल्यावर तो बराच लांब रांगत गेला होता म्हणे. साहेब भला माणूस होता. वैतागून स्वतःशीच बोलत होता, "अरे लेखीत पहिला आलेला मुलगा हा." त्यानंच आम्हांला जीपमधून दवाखान्यात पोचवलं.

डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिले आणि फार विचारलं नाही. खातोस काय, एवढंच विचारलं. भाऊनं सांगितलं. पाणी टाकून देत होतास का, विचारलं. मीठ घालून पीत होतो, भाऊ म्हणाला. मजुरीत लाखोळीच घेणाऱ्या गड्यांचे असे पाय पाहिलेत, पण कॉलेजच्या मुलाचे पहिल्यांदाच बघतोय, असं डॉक्टर म्हणाले. लाखोळीत नसा मारणारं विष असतं आणि ते बरंचसं पहिल्या पाण्यात उतरतं, हे त्यांनीच सांगितलं. पाय परत सुधारणार नव्हते.

गावाकडे परतताना मोटारीत भाऊ मला म्हणाला, "मायले सांगजो नोको. थंडीनं पाय धरले म्हन."

मी दोन दिवस तोंड शिवून बसले. तिसऱ्या दिवशी मायनं त्याच्या अंगात ताकद यावी म्हणून लाखोळीच्या वरणावर घरातलं सगळं तूप ओतलं आणि भाऊ मुकाट्यानं ते खायला लागला. मी ताट उचलून अंगणात फेकलं आणि ओरडून सगळं सांगितलं. सांगितलं ते बरंच केलं, असं मला आजही वाटतं.

माय पळी हातात धरून बसूनच राहिली. "मी सांगतलं होतं ना रे, पानी सांड म्हनून," एवढंच म्हणाली, आणि मग रडताना तिला आवरता येईना. "मले काऊन माहीत नोयतं? मले काऊन कोनी सांगतलं नाई?"

भाऊनं पुढे ओसरीवर बसून गावातली पोरं शिकवली. मी मास्तरीण झाले ती त्याच्याच जिवावर. तीस वर्षं तो दोन काठ्यांवर हिंडला, तेही एरवी घर ते विहीर एवढंच. जंगल ओसरीवरून दिसायचं.

पण त्या वर्षीचं सांगायचं राहिलं. मायनं बांधीत लाखोळीचा दाणा पडू दिला नाही. बाबांनी समजावलं, तर बी घरातून उचलून नाल्यात टाकून आली. धान नेहमीसारखंच विकलं गेलं. उन्हाळा आला तेव्हा घरात काही नव्हतं. मोहाची फुलं उकडून खाल्ली, कंद खणले. माय आपल्या वाटचं मला द्यायची आणि जेवले म्हणून सांगायची. एकदा मी विहिरीवर चक्कर येऊन पडले आणि शेजाऱ्यांनी उचलून आणलं. भाऊनं सगळं पाहिलं.

पुढच्या साली धान पिवळं व्हायला लागलं. बाबा लाखोळीचं उसनं बी घेऊन आले आणि टोपली बांधावर ठेवून उभे राहिले. माय टोपलीला हात लावेना. भाऊ दोन्ही काठ्या टेकत तिथवर आला होता, घामानं निथळत होता.

"पेर माय," तो म्हणाला. "शकूले काही तं खाले पायजे."

मायनं टोपली कमरेवर घेतली आणि ती चिखलात उतरली.