कुलपावरची थाप

सामंतबाई गेल्याचं मला मसाटच्या फाट्यावर कळलं. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी रिक्षातून उतरली आणि म्हणाली, "काका, बाई परवा गेल्या… झोपेतच." मी तिला दोनदा विचारलं, खरं ना? माझा स्वभावच असा. बातमी चांगली असो की वाईट, आधी संशय येतो.

बाईंवरही आलाच होता. मी जळगावकडचा, सातवीत शाळा सोडलेला. सिल्वासाला कारखान्यात कामाला आलो तेव्हा तिथल्या आमलीत एका शेठच्या चाळीत खोली मिळाली. भाडं दोघांचं, राहायचो चौघं. दोघं दिवसपाळीला, दोघं रातपाळीला. रातपाळीचे दिवसा आत झोपायचे आणि जाणारे बाहेरून कुलूप लावून जायचे. शेठ आला की कुलूप बघून परत फिरायचा. सगळ्या चाळीची हीच रीत होती. खोली गेली असती तर मला या मुलखात दुसरं कोणी नव्हतं.

अशाच एका दुपारी दारावर थाप पडली. कुलूप असलेल्या दारावर कोणी थाप मारतं का? मी श्वास रोखून पडलो. बाहेरून बाईचा आवाज आला, "कुलूप घोरतं हे मी आजच ऐकलं हो!"

बाई मूळच्या मालवणच्या, इथल्या सरकारी शाळेत शिक्षिका. भोपाळनंतरची ती वर्षं. कारखान्यातून वायू सुटला किंवा आग लागली तर आसपासच्या वस्तीने काय करायचं, याचा अभ्यास परदेशातलं एक विद्यापीठ आणि आपल्याकडची एक संस्था मिळून करत होती. पैसा तिकडचा, पायपीट बाईंची. दुपारी घरात कोण असतं, कोण झोपलेलं असतं, दार कुठे उघडतं, असले प्रश्न. आमच्या खोलीतला भिका म्हणाला, "फुकटचं कोणी काही देत नाही भो. ही बाई शेठची माणूस आहे, नाहीतर रेशनवाल्यांची."

मी खिडकीच्या गजांतून बाईंना तेच विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "संशय मलाही आहे. त्या परदेशी लोकांना आपल्या झोपेशी काय करायचंय? म्हणून तर मी त्यांच्यात बसते. आपण उठून गेलो तर आपल्याबद्दल ते काहीही लिहितील." शेठला कळू देणार नाही, असा शब्द मात्र त्यांनी दिला. मी तो धरून ठेवला, पण विश्वास ठेवला नाही.

बाईंना एकच गोष्ट हवी होती. प्रत्येक खोलीच्या खिडकीचे गज बिजागरीवर बसवायचे, म्हणजे आतल्याला कडी काढून बाहेर पडता येईल. पण तो पैसा फक्त अभ्यासाचा, लोहाराचा नव्हे. पुढचा पैसा कशाला द्यायचा ते ठरवायला तिकडचे एक साहेब आले. चाळ दाखवायला शेठ स्वतः बरोबर. मी नेमका आत, कुलपात. शेठ आमच्या दाराशी म्हणाला, "आ रूम खाली छे." साहेबांनीही इंग्रजीत खोली रिकामी असल्याचंच काही म्हटलं. बाईंच्या बांगड्या दाराजवळ वाजल्या… त्यांनी एक थाप मारली असती तर त्यांचं काम झालं असतं आणि माझी खोली गेली असती. बांगड्या पुढे निघून गेल्या.

संध्याकाळी बाईंचा निरोप आला, कुलूप घेऊन माझ्या घरी ये. माझं कुलूप कशाला? भिका म्हणाला, "जाऊ नको, अडकशील." मी गेलो. बाई दारात हळूच म्हणाल्या, "साहेब आत चहा पितायत. मी आत गेले की बाहेरून लाव आणि चालू लाग. हाक मारली तरी यायचं नाही."

"बाई, परदेशी माणूस… पोलीस आले तर?"

"पोलिसांना सांग, कुलूप आहे म्हणजे घर रिकामं आहे."

मी लावलं. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे चावी मुठीत धरून उभा राहिलो. आतून आधी हसणं ऐकू आलं. मग दार हलवल्याचा आवाज. मी अर्धा तास जाऊ दिला. परत गेलो तेव्हा साहेब खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून उभे होते. ते काहीतरी बोलले. बाईंनी मला सांगितलं, "विचारतायत, अशी कुलपामागे झोपणारी माणसं किती. मी म्हटलं, मोजणार कशी? बाहेरून कुलूप आहे."

पुढच्या पैशात लोहार बसला. शेठला फुकटात गज मिळाले, तरी म्हणायचा, "आमां कंईक तो छे." यात काहीतरी आहेच! तो अभ्यास तिकडे कोणाच्या कामी आला, हे मलाही अजून कळलेलं नाही. बाईंना विचारलं की म्हणायच्या, "विचारत राहा."

आता माझं स्वतःचं घर आहे. खिडकीचे गज बिजागरीवर आहेत, आणि झोपण्याआधी मी कडी काढून बघतो. कधीच अडकली नाही, तरी बघतो.

गेल्या रविवारी बाईंच्या घरावरून गेलो. त्यांचा भाचा सामान घेऊन मालवणला गेलाय. दाराला कुलूप. मी पायऱ्या चढलो आणि थाप मारली.

शेजारीण बाहेर आली. "अहो, कुलूप दिसत नाही का?"

"दिसतंय," मी म्हणालो, आणि दाराला कान लावला.